मदत हवी आहे : 'ॲनिमल्स'ची मूळ तबकडी कोणाकडे आहे का?

नमस्कार. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या सर्व अल्बमांची प्रतवारी लावणाऱ्या एका व्हिडिओवरून आम्हा फोंड्यातील मित्रांमध्ये दोन आठवडे वाद चालू आहे. १९७७ सालच्या 'ॲनिमल्स'ला समीक्षकाने तळाशी बसवले असून, पाचपैकी एकाही गाण्याच्या रचनेच्या श्रेयात बँडचे कीबोर्डवादक रिक राइट यांचे नाव नसल्यामुळे त्यात कीबोर्डला स्थानच उरले नाही, असे कारण दिले आहे. श्रेयाची माहिती खरी आहे. चार गाणी बँडमधील एकट्या रॉजर वॉटर्स यांच्या नावावर आहेत आणि १७ मिनिटांच्या 'डॉग्ज'मध्ये तेवढे त्यांचे सहकारी डेव्हिड गिल्मर सहभागी आहेत. परंतु श्रेय नसणे म्हणजे वादन नसणे नव्हे. 'शीप'च्या आरंभीचा इलेक्ट्रिक पियानो राइट यांचाच आहे, आणि तो ऐकूनही कोणी असे म्हणावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्याकडे २०२२ साली आलेली, नव्याने ध्वनिमिश्रण केलेली आवृत्तीच आहे. तीत वाद्ये अधिक सुटी ऐकू येतात, म्हणून निवाडा मूळ मिश्रणावरूनच व्हावा, असा मित्रांचा आग्रह आहे व तो मला मान्य आहे. फोंडा, म्हापसा किंवा मडगाव परिसरात कोणाकडे जुनी तबकडी वा सीडी असल्यास, एखाद्या रविवारी ती आम्हाला आपल्यासोबत ऐकू द्याल का?