बाबांना ३४ टक्के दिले आणि संजय गांधीचा अर्ज नामंजूर, आता अपील नेमकं कुठे करायचं?

किरण_के

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, सांभाळून घ्या. माझे बाबा वय ५८, प्लंबिंगची कामं करायचे. बाईकवरून येताना टेम्पोनं उडवलं, उजवा हात मनगटाजवळ चुरला आणि डाव्या गुडघ्यात प्लेट आहे. हातात पाना धरवत नाही, शर्टाची बटणं आई लावते. दिव्यांग कार्डासाठी यूडीआयडीच्या पोर्टलवरून अर्ज केला, सिव्हिलला तपासणी झाली आणि पांढरं कार्ड आलं, ३४ टक्के, कायमस्वरूपी. सेतूवाला म्हणाला टाकून बघा म्हणून तहसीलला संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनचा अर्ज टाकला तर "दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी" असा शेरा मारून नामंजूर.

आता तहसीलमधले म्हणतात वरच्या साहेबांकडे अपील करा, सिव्हिलमधले म्हणतात एकदा कार्ड निघालं की काही होत नाही. खरं कोण बोलतंय? दुसरं म्हणजे केसपेपरवर हाताचे २५ आणि गुडघ्याचे १२ लिहिलेत, म्हणजे ३७ झाले ना, मग ३४ कसे? आणि बाबांना ऐकायलाही कमी येतं, ते अपघाताच्या आधीपासूनच आहे, पण त्यांना वाटलं इथे फक्त अपघाताचंच धरतात म्हणून ते सांगितलंच नाही. हॉस्पिटलच्या गेटवर एक जण भेटला, म्हणे ४५ करून देतो, खर्च येईल. घरात त्यावरून वाद चालू आहेत.

फिजिओ_मीनल

आधी गणित, कारण याच्यावरून ओपीडीत रोज भांडणं होतात. दोन अवयवांचे टक्के सरळ बेरजेनं धरत नाहीत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमधे सूत्र आहे: मोठा आकडा + लहान आकडा × (९० − मोठा आकडा) ÷ ९०. तुमच्या बाबांचं घातलं तर ९० वजा २५ म्हणजे ६५, बारा गुणिले ६५ म्हणजे ७८०, भागिले ९० म्हणजे ८.६७, त्यात २५ मिळवले की ३३.६७. म्हणजे ३४. बेरजेत कुणी गडबड केलेली नाही, त्यामुळे "आमचे ३७ होतात" या मुद्द्यावर अपील करू नका, पहिल्याच मिनिटाला उडेल.

प्रश्न विचारायचा तो २५ आणि १२ वर. त्याच सूत्रानं बघा, गुडघा तेवढाच ठेवून हात ३३ आला तर बेरीज ४० च्या वर जाते. हात २५ च राहिला तर गुडघा किमान २१ लागेल, २० आला तरी ३९.४४ वरच अडकतं. हाताला बोटांची पकड, चिमटीत धरणं, संवेदना, ताकद, सांध्याची हालचाल असं सगळं वेगवेगळं मोजतात आणि मग एकत्र करतात. हालचाल अंशात मोजायची असते, गोनिओमीटर लावून. बाबांना विचारा तो लावला होता का, का नुसतं "मूठ करा, उघडा, झालं" असं झालं? गर्दीच्या दिवशी दुसरं होतं, मी स्वतः बघितलंय. तसं असेल तर चांगल्या फिजिओकडून दोन्ही हातांची तुलना करून मोजमाप लिहून घ्या, डाव्या हाताची मनगटाची हालचाल किती अंश, उजव्याची किती, पकडीची ताकद किती. बोर्ड ते मान्य करेलच असं नाही, ते स्वतः मोजतात, पण समोर आकडे असले की त्यांनाही मोजावं लागतं.

बटणं आई लावते हे सांगताना रडगाणं म्हणून नको, काम म्हणून सांगा. बटण, नाडी, कुलूप, सही, भाकरीचा तुकडा तोडणं. काय जमतं, काय अर्धवट जमतं, काय अजिबात नाही.

जुना_कारकून

किरण दादा, तुम्हाला दोन वेगवेगळ्या टेबलांवरून नाही म्हटलंय आणि लोक नेमकी इथंच गल्लत करतात. टक्के ठरवणं तहसीलदारांच्या हातात नाहीच. तिथे अपील केलं तर वरचे साहेबसुद्धा कार्डावरचा ३४ बघणार आणि तेच लिहिणार, महिने वाया. तहसीलदारांनी उत्पन्नावरून, वयावरून किंवा रहिवासावरून नामंजूर केलं असतं तर भांडण तिकडचं होतं. तुमचं भांडण सिव्हिलशी आहे. तिकडे टक्के वाढले की संजय गांधीचा अर्ज नव्यानं टाकायचा, बस.

आणि "कार्ड निघालं की काही होत नाही" हे साफ खोटं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ५९ वाचा. प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर अपील करता येतं, ते कुणाकडे आणि किती मुदतीत हे राज्य सरकार ठरवतं. तुमच्या जिल्ह्यासाठी अपील प्राधिकरण कोण ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या ऑफिसला लेखी विचारा, तोंडी नाही. अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर शिक्का, सही आणि आवक नंबर घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं. मुदत कार्ड मिळाल्यापासून मोजतील म्हणून पोर्टलवर कार्ड कधी आलं त्या पानाची प्रिंटही काढून ठेवा.

सोबतच माहितीच्या अधिकारात स्वतःच्या तपासणीची मूल्यांकन शीट मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. "मला न्याय का दिला नाही" असं काही आरटीआयमधे लिहू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "अमुक तारखेच्या तपासणीच्या मूल्यांकन पत्रकाची साक्षांकित प्रत द्यावी" एवढंच. अर्ज बाबांच्या नावानं आणि बाबांच्या सहीनं (अंगठा चालतो), तुमच्या नावानं नको, नाहीतर त्रयस्थ व्यक्तीची माहिती म्हणून परत येईल.

वाघोबा७

गेटवरच्या माणसाला हाकला. त्याच २०१६ च्या कायद्यात कलम ९१ आहे, दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणूक करून घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अडकणार बाबा, तो माणूस गेटवरच उभा राहणार. आणि ज्यांची खरी गरज आहे त्यांना फेरतपासणीच्या रांगेत उभं राहावं लागतं ते असल्यांमुळेच.

फिजिओ_मीनल

कानाचं राहिलं. अपील म्हणजे "त्या दिवशी जे तपासलं ते चुकीचं मोजलं". जे तपासलंच नाही त्याचं अपील कसं होणार? ऐकण्यासाठी अर्जात तो प्रकार टाकून ईएनटीकडे वेगळी तपासणी लागेल, ऑडिओग्राम होतो, शंका आली तर बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) करतात. दिव्यांगत्व अपघातानंच आलेलं हवं असा काही नियम नाही, जन्मजात असो, आजाराचं असो, सगळं धरतात, कायद्यात एकूण २१ प्रकार आहेत. पण आशा बेतानं ठेवा. कायद्यात "ऐकू कमी येणं" म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास, ७० झाला की कर्णबधिर. टीव्ही मोठ्यानं लावावा लागतो इतपत असेल तर त्या व्याख्येत बसणार नाही. खरोखर ६० च्या पुढे असेल तर चित्रच बदलतं, मग बहुदिव्यांगत्व म्हणून तेच सूत्र पुन्हा लागतं. आधी कुठेही साधा ऑडिओग्राम करून बघा, मग ठरवा कुठली वाट धरायची.

उषा_ताई_पी

मी वेगळ्या प्रकारातलं सांगते, कुणाला तरी उपयोग होईल. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. पहिल्या वेळेला बोर्डासमोर नेताना आईनं त्याची दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नेला, आपल्याकडे डॉक्टरकडे जाताना जसं नेतात तसं. डॉक्टरांनी विचारलं अंघोळ स्वतः करतोस का, हा म्हणाला हो. जेवतोस का, हो. काम करायला आवडेल का, हो. ४० च्या खाली आले.

मानसिक आजारासाठी आयडियाज नावाची पट्टी वापरतात. चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, शिवाय आजार किती काळ आहे त्याचे वेगळे गुण. एकूण ७ च्या खाली राहिलात तर ४० टक्क्यांच्या आत, ७ पासून पुढे ४० च्या वर. आता अंघोळ "हो" हे उत्तर खोटं नव्हतं, पण आई सकाळपासून पाठीमागे लागते, पाणी काढून देते, दाराबाहेर उभी राहते तेव्हा ती होते, आणि मधेच दोन आठवडे होतच नाही. हे त्या "हो" मधे कुठे आलं? पुढच्या वेळेला मी सोबत आत गेले, बाहेर थांबा म्हणाले तर विनंती केली की रोजची काळजी मी घेते, मला विचारा. रोज काय सांगावं लागतं, काय करून द्यावं लागतं ते वहीत लिहून नेलं होतं, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची जुनी कागदपत्रं, कारण आजार किमान दोन वर्षांचा असल्याचं दिसावं लागतं. काही वाढवून सांगितलं नाही, जे घरात चालतं तेच. तेव्हा नीट मूल्यांकन झालं.

त्याला आहे तसा न्या एवढंच म्हणेन. घाणेरडा करून नेऊ नका, पण सजवूनही नेऊ नका.

ॲडव्होकेट_आहे_पण_फी_नाही

सगळे योजनेच्या मागे लागलेत, मूळ अपघाताचं काय? टेम्पोनं उडवलं म्हणताय, मोटार अपघात न्यायाधिकरणात क्लेम टाकला का? नसेल तर आजच वकिलाकडे जा, मुदतीचा प्रश्न असतो. तिथे कार्डावरचे टक्के जसेच्या तसे धरत नाहीत. सुप्रीम कोर्टाचा राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा २०१० चा निकाल आहे, शरीराचं अपंगत्व किती टक्के हा एक भाग आणि त्यामुळे या माणसाची कमाई किती गेली हा दुसरा. प्लंबरचा उजवा हात गेला तर ३४ टक्क्यांच्या कार्डावर कमाईचं नुकसान त्याहून खूप जास्त धरता येतं. म्हणून तुमच्या केसमधे पाना धरवत नाही हे वाक्य त्या कार्डापेक्षा महाग आहे.

किरण_के

सगळ्यांचे खूप आभार. क्लेम टाकलाय, तारखा चालू आहेत. कलम ५९ चं सिव्हिलमधे कुणीच सांगितलं नव्हतं. मीनल ताई, बाबांना विचारलं, म्हणे काही लावून मोजलं नाही, "हात वर करा, मूठ करा, गुडघा वाकवा" एवढंच. आरटीआय आणि अपील प्राधिकरण विचारणारं पत्र दोन्ही उद्या देतो. कारकून काका, समजा ४० झाले तर उत्पन्नाचं काय बघतात? मी नोकरी करतो, पगार थोडाच आहे पण आहे.

जुना_कारकून

तीच खरी अडचण, आधीच सांगतो म्हणजे नंतर डोक्याला ताप नको. संजय गांधीला दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, बाकीच्यांना २१,०००. किमान १५ वर्षं महाराष्ट्राचा रहिवासी, वय ६५ च्या आत. तुम्ही एकाच रेशन कार्डावर असाल आणि पगाराची स्लिप असेल तर तलाठ्याच्या अहवालात ते येणारच. खरोखर वेगळे राहत असाल तर गोष्ट वेगळी, कागदावर वेगळं दाखवायचा सल्ला मी देणार नाही. रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना २,५०० आहे, आधी १,५०० होती. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन म्हणाल तर तिला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं, ती तुमची नाही.

पण उत्पन्नात बसत नसलात म्हणून अपील सोडू नका. ४० च्या वर कार्ड गेलं की इतर सवलती, कर्जाच्या योजना यांची दारं उघडतात, आणि हे प्रमाणपत्र देशभर चालतं.

सिव्हिलनं पत्राला उत्तरच दिलं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे तक्रार करता येते. राज्य आयुक्तांना कायद्यानं तक्रारीच्या चौकशीचे अधिकार आहेत. पण तिथे जाताना हातात आवक नंबर असलेली पत्रं हवीत, म्हणून मघाशी पोच पोच करत होतो.

श्री_गणेशा

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझा एक कान पूर्ण गेलाय, दुसरा चांगला. १०० टक्के बहिरा कान म्हणजे ५० तरी मिळतील ना?

फिजिओ_मीनल

नाही मिळणार. चांगल्या कानाचे टक्के गुणिले ५, त्यात वाईट कानाचे मिळवायचे आणि ६ नं भागायचं. तुमचे ० गुणिले ५ अधिक १०० भागिले ६, म्हणजे १६.६७. एका डोळ्याची नजर पूर्ण गेली आणि दुसरा ठीक असेल तरी ३० च धरतात.

ॲडव्होकेट_आहे_पण_फी_नाही

तरी कार्ड काढून ठेवा गणेश भाऊ. ४० च्या खाली आरक्षण आणि पेन्शन नाही, पण भेदभाव करायचा नाही, वाजवी सोय करून द्यायची हे हक्क सगळ्या दिव्यांग व्यक्तींना आहेत. २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध यूपीएससी निकालात सुप्रीम कोर्टानं परीक्षेला लेखनिक ४० टक्केवाल्यांपुरता मर्यादित नाही असं स्पष्ट म्हटलंय. तुम्हाला लेखनिक लागणार नाही म्हणा, पण ऑफिसात मीटिंगला चांगला कान बोलणाऱ्याकडे येईल अशी जागा मागायची असेल तर तोंडी सांगण्यापेक्षा कार्डाची झेरॉक्स जोडलेला अर्ज लवकर हलतो.