अ‍ॅमस्टरडॅमचं हॉटेल: 'लिफ्ट नाही' हे ठळक सांगायला नको का?

पाऊलवाट:
एप्रिलमध्ये आईबाबांना ट्युलिप दाखवायला अ‍ॅमस्टरडॅमला गेलो होतो. कालव्याकाठचं हॉटेल, सुरेख फोटो, भाडं चांगलंच सणसणीत. पोचल्यावर कळलं की खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. जिना जवळजवळ उभा. पायरीवर अर्धंच पाऊल मावतं, कठड्याच्या जागी भिंतीला लावलेला दोर. आईचे गुडघे दुखरे, त्यामुळे ती रोज सकाळी एकेका पायरीवर बसत बसत खाली उतरायची. खालची खोली मागितली, तर सगळं भरलेलं. सोडून जावं म्हटलं, तर पैसे परत नाहीत.

बुकिंगच्या पानावर लिफ्टची ओळ होती, पण अगदी तळाशी, पाळीव प्राण्यांच्या नियमांखाली. फोटोंमध्ये नाश्त्याचं टेबल चार कोनांतून दिसतं, जिना एकदाही नाही. याला मी फसवणूकच म्हणतो.

तळेगावकर:
असहमत. ओळ होती, म्हणजे सांगितलेलं होतं. कालव्यांचा तो भाग 17व्या शतकातला, 2010 पासून जागतिक वारसा यादीत आहे. घरं अरुंद आणि खोल. सामान जिन्यावरून जातच नाही म्हणून दर्शनी भिंतीच्या टोकाला आकडा असतो, त्याला दोर लावून कपाटं खिडकीतून आत घेतात. त्यातली कित्येक घरं संरक्षित आहेत, मालकाच्या मनात आलं म्हणून लिफ्ट बसवता येत नाही. आपल्याला जुनं शहर जसंच्या तसं बघायचंय, तर त्याचे जिनेही आलेच.

अमृता_ठाणे:
तळेगावकर, लिफ्ट बसवा असं कोण म्हणतंय? मुद्दा सांगण्याचा आहे. युरोपात ऑनलाइन खरेदी केली तर साधारणपणे 14 दिवसांत माघार घेता येते, पण ठरावीक तारखांच्या हॉटेल बुकिंगला तो नियम लागू नाही. एकदा पैसे भरले की गिऱ्हाईक अडकलं. मग पैसे घेण्याआधी ठळक सांगण्याची जबाबदारी हॉटेलवर जास्त येते, कमी नाही. माझे सासरे काठी घेऊन चालतात. त्यांच्यासाठी लिफ्ट ही चैन नव्हे, तिच्यावरच सगळा प्रवास ठरतो.

कालवाकाठ:
मी अ‍ॅमस्टेलव्हीनला राहते. इथल्या लोकांना हे जिने इतके अंगवळणी पडलेत की त्यात काही सांगण्यासारखं आहे हेच हॉटेलवाल्याच्या डोक्यात येत नसेल. लबाडी म्हणणार नाही, पण पाहुण्यांचा विचार कमी पडला हे नक्की.

ज्येष्ठांना घेऊन येणाऱ्यांनी सरळ झानडॅम किंवा हार्लेमला राहावं. नव्या बांधणीची, लिफ्टवाली हॉटेलं मिळतात आणि रेल्वेने सेंट्रल स्टेशन अगदी जवळ. नाहीतर स्टेशनमागे पाण्यापलीकडचा नोर्ड भाग बघा, तिकडची फेरी फुकट आहे. आणि भाड्यात कर धरलाय का तेही तपासा. 2024 पासून अ‍ॅमस्टरडॅमचा पर्यटन कर खोलीभाड्याच्या साडेबारा टक्के आहे. काही ठिकाणी तो काउंटरवर वेगळा मागतात.

पाऊलवाट:
आमच्याकडूनही वेगळाच घेतला. झानडॅमचं लक्षात ठेवतो, आभार.
तळेगावकर, घर जुनं आहे याबद्दल माझी तक्रारच नाही. बाबा तर त्या आकड्याकडे मान वर करून बघत बसायचे. पण आईने तीन दिवसांनी 'तुम्ही फिरून या, मी खोलीतच बसते' म्हटलं, आणि ट्युलिपची बाग तिने पाहिलीच नाही. जिन्याचा एक फोटो टाकला असता, तर मी दुसरीकडे गेलो असतो.

तळेगावकर:
आईंचं वाचून वाईट वाटलं. फोटो हवा होता, मान्य. तरी 'फसवणूक' हा शब्द मला पटत नाही. लपवणं वेगळं आणि तळाशी लिहिणं वेगळं.

अमृता_ठाणे:
ज्याला खोली विकायची आहे, त्याने तळाशी लिहिलं तर ते लपवणंच. पाऊलवाट, बुकिंग साइटवर तक्रार करा आणि परीक्षणात जिन्याचा फोटो तुम्हीच टाका.