वॉर्डाच्या मीटिंगला पोरापोरींना बोलू द्यायचं का?

घरकुलकर: आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, ते पण कधी रात्री अकराला कधी पहाटे तीनला. मोटार आई लावते पण बॅरल, घागरी भरायला उठते ती आठवी-नववीतली पोरगी, अन् सकाळी वर्गात डुलक्या घेते. मीटिंगमध्ये पाण्याच्या टायमावर बोलणार कोण तर त्या वेळी घोरत पडलेले बाप्ये! या पोरींना बोलू द्या की. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारतानं 1992 ला मान्य केलाय, त्याचं 12 वं कलम हेच म्हणतं, मुलांच्या बाबतीत ठरवताना मुलांचं ऐका.

कन्ना चौक: उगं कशाला बे. तिथं आमचंच कोण ऐकत नाही, पोरांचं काय ऐकणारेत? दहावी काढू दे आधी. उद्या घरात पाणी दे म्हटलं तरी कलम सांगतील.

बार्शीची ताई: सांगू देत की! आमच्या गावात बालसभेत, म्हणजे पोरापोरींच्या सभेत, पोरी म्हणाल्या संडासाला आतून कडी नाही. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, एकालाही माहीत नव्हतं, कारण पालक त्या संडासात जातोय कशाला. ग्रामसभेत मत 18 च्या वरच्यांनाच आहे, ते राहू दे तसंच, पण सांगायला काय हरकत आहे?

रिटायर मास्तर: मी अशा बालसभा बघितल्यात. एक चुणचुणीत पोरगं उभं करायचं, भाषण मास्तरनं लिहून दिलेलं, फोटो, टाळ्या, बिस्किटचा पुडा, संपलं. शाळेतून आल्यावर आईजवळ बसून विडीची पानं कातरणारी पोरगी तिथं येतच नाही. अन् आली, सगळ्यांसमोर बोलली, पुढाऱ्याच्या माणसाला लागलं, तर झळ कुणाला? तिच्या घराला. हे कोण निस्तरणार?

घरकुलकर: सर, झळीचं खरंय. म्हणून बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या, अन् मीटिंग ठेवा बायका कारखान्यात विड्या देऊन परत आल्यावर. अन् ऐकायचं म्हणजे तेच करायचं असं कुठंय, करारात पण वय अन् समज बघून वजन द्या असंच आहे.

कन्ना चौक: बरं, पोरी म्हणाल्या संध्याकाळी सहाला सोडा. मग तुमचं पहाटे तीनचं पाणी जाणार दुसऱ्या पेठेत. तिथं पोरी नाहीत का?

बार्शीची ताई: आहेत ना, त्यांना पण बोलवा. दर महिन्याला पाणी सोडायची पाळी बदलायची मग.

कन्ना चौक: पाळी बदलता येते का ते आधी पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारा लका, मग पोरींना.