मुदत वाढवल्याने घर स्वस्त होत नाही
गृहकर्जाच्या परतफेडीची मुदत वीसऐवजी तीस वर्षे केली की तरुण कुटुंबांना घर परवडेल, हा काहीजण मांडतात तो मुद्दा मला पटत नाही. ९ टक्के व्याजाच्या कर्जाची मुदत अशी दहा वर्षांनी वाढवली, तर मासिक हप्ता जेमतेम ११ टक्क्यांनी उतरतो. एकूण परतफेड मात्र मुद्दलाच्या २.१६ पटींवरून २.९ पटींवर जाते. पहिलाच हप्ता उलगडून पाहावा: वीस वर्षांच्या कर्जात त्यातला सुमारे ८३ टक्के भाग व्याजात जातो आणि तीस वर्षांच्या कर्जात ९३ टक्के, म्हणजे सुरुवातीची कितीतरी वर्षे मुद्दल जागचे हलतच नाही.

शिवाय ही सवलत सर्वांनाच एकदम मिळते, हे विसरता येणार नाही. घरांचा पुरवठा तेवढाच राहिला आणि प्रत्येक खरेदीदाराची कर्ज घेण्याची ऐपत वाढली, तर ती वाढ बहुतांशी जागेच्या किमतीत जिरते. सुरुवातीला स्वतःच्या पदरचे भरायचे पैसे किमतीच्या टक्केवारीत ठरत असल्याने तेही त्याबरोबर वाढतात, आणि दरमहा भाडे भरून थोडेथोडे शिल्लक टाकणाऱ्यांचे घोडे नेमके तिथेच अडते.