ऑफिसच्या वायफायला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड: आता पुरे!

तारजोडे:
लहान ऑफिसांची नेटवर्कं लावून देणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे मत एकांगी वाटलं तर वाटू द्या. पंधरा-वीस माणसांच्या पुढे गेलेल्या ऑफिसात सगळ्यांना एकच वायफाय पासवर्ड ठेवणं बंद व्हायला हवं. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन हवं आणि ते तपासायला रेडियस सर्व्हर हवा.

पासवर्ड फोडायला हॅकर लागत नाही. नोकरी सोडणारा तो फोनमधून घेऊनच जातो. अँड्रॉइड १० पासून कुणीही सेटिंगमधून क्यूआर कोड काढून पाहुण्याला दाखवू शकतो, आयफोनवर आयओएस १६ पासून पासवर्ड सरळ वाचता येतो. माणूस गेल्यावर बदलायचा म्हटलं, तर प्रिंटर, हजेरीचं मशीन, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी), साहेबांच्या केबिनमधला टीव्ही, सगळीकडे नव्याने टाका. मग कोण बदलतंय?

नवी मुंबईतलं २००८ चं प्रकरण आठवत असेल. अहमदाबाद स्फोटांच्या वेळी वाहिन्यांना आलेला ईमेल सानपाड्यातल्या एका घराच्या वायफायवरून गेला होता. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसामागे चौकशीचा ससेमिरा लागला.

हिशेबनीस:
सानपाड्याचं उदाहरण इथे बसत नाही. ते नेटवर्क असुरक्षित होतं, म्हणून बाहेरच्याला ते वापरता आलं. तुम्ही बोलताय पासवर्ड असलेल्या नेटवर्कबद्दल. भीती घालायला सोयीचं उदाहरण आहे, एवढंच.

आमचं सीएचं ऑफिस, माणसं तुमच्या हिशेबात बसतात तेवढीच. आयटीवाला एएमसीवर (वार्षिक देखभालीच्या करारावर), आज फोन केला तर परवा उगवतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रिटर्नांची घाई असताना तुमचा रेडियस आडवा झाला, तर सगळं ऑफिस हात चोळत बसणार. साध्या पासवर्डात बंद पडण्यासारखं काही नसतंच, हा त्याचा मोठा गुण तुम्ही धरतच नाही.

आणि तांत्रिक म्हणाल तर २००१ मध्ये फुटलं ते डब्ल्यूईपी, वायफायचं जुनं कुलूप. त्यानंतरच्या डब्ल्यूपीए२ वर वीसेक अक्षरांचा, शब्दकोशात न सापडणारा पासवर्ड ठेवा, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी पिनने जोडायची सोय, बंद करा (त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो हाती लागतो, हे २०११ मध्येच उघड झालंय), पाहुण्यांना वेगळं गेस्ट वायफाय द्या. झालं.

शंकासूर:
मी हिशेबनीसांच्या बाजूने, पण कारण वेगळं. रेडियस लावणारे दहापैकी नऊ जण पीईएपी लावतात, म्हणजे युजरनेम-पासवर्ड. आणि फोनवर जोडताना सर्टिफिकेटच्या (सर्व्हर खरा आहे हे सांगणाऱ्या डिजिटल ओळखपत्राच्या) रकान्यात ‘तपासू नका’ निवडायला सांगतात, कारण नाहीतर जोडणीच होत नाही आणि गिऱ्हाईक ओरडतं. आता पार्किंगमध्ये कुणी त्याच नावाचा खोटा अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारी पेटी) उभा केला, तर फोन मुकाट्याने त्याला जाऊन चिकटतो आणि एमएस-चॅप-व्ही२ ची, म्हणजे पीईएपीतल्या पासवर्ड-तपासणीची, देवाणघेवाण करून मोकळा होतो. त्यातला खरा पासवर्ड हुडकण्याचं काम डीईएस या जुन्या सांकेतिक पद्धतीची एक किल्ली शोधण्याएवढंच उरतं, हे २०१२ मध्ये डेफकॉन या हॅकर संमेलनात दाखवून झालंय. वर तोच पासवर्ड विंडोजचा आणि ईमेलचाही! म्हणजे आधी फक्त वायफाय गेलं असतं, आता सगळंच गेलं. अर्धवट लावलेल्या रेडियसपेक्षा लांबलचक सामाईक पासवर्ड बरा.

तारजोडे:
शंकासूर, मुद्दा बिनतोड, पण तो आळशी कारागिराविरुद्ध आहे. गूगलने डिसेंबर २०२० पासून पिक्सेलवरून ‘तपासू नका’ हा पर्यायच काढला, तो याचसाठी. ईएपी-टीएलएस लावा, पासवर्डच नको. प्रत्येक उपकरणाला स्वतःचं सर्टिफिकेट. माणूस गेला की त्याचं तेवढं रद्द करायचं, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

हिशेबनीस, तुमच्यासाठी एक प्रश्न. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार १८० दिवसांचे लॉग (नोंदी) ठेवायचे आहेत, तो ‘बॉडी कॉर्पोरेट’नाही लागू आहे आणि कायद्यातल्या त्या व्याख्येत तुमच्यासारखी व्यावसायिक फर्मही येते. तुमच्या लॉगमध्ये काय असेल? मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळख-क्रमांक. आजचे फोन तोही बनावट देतात, अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून. मग कुठल्या माणसाने काय केलं, हे कसं सांगणार?

हिशेबनीस:
रेडियसचा लॉग नाव सांगेल, मान्य. कोणाचं नाव? आमच्याकडे आर्टिकलशिप करणारी मुलं एकमेकांच्या लॉगिनने कामं उरकतात. लॉगमध्ये एक, खुर्चीवर दुसरा.

आणि सर्टिफिकेट फोनांवर घालणार कोण? एक्स्पायर झाल्यावर बदलणार कोण? फ्रीरेडियस या फुकट रेडियस सॉफ्टवेअरबरोबर येणारी नमुन्याची सर्टिफिकेटं ६० दिवसांत संपतात असं ऐकून आहे. एकसष्टाव्या दिवशी तुमचा फोन लागेल ना?

तारजोडे:
ती चाचणीपुरती असतात, गिऱ्हाईकाकडे ती तशीच सोडणाऱ्याला पैसेच देऊ नका. लॉगिन वाटून घेण्याचं म्हणाल, तर लॅपटॉपवरचं सर्टिफिकेट तोंडी सांगता येत नाही. मुलं लॅपटॉपच बदलून घेत असतील, तर तो तुमच्या ऑफिसच्या शिस्तीचा प्रश्न.

मुक्काम_मडगाव:
तुमच्या भांडणात मधला रस्ता कुणी बोलतच नाही. आमचं छोटं हॉटेल आहे. स्टाफला प्रत्येकी वेगळा पासवर्ड, पण एसएसआयडी (वायफायचं नाव) एकच. पीपीएसके म्हणतात त्याला, बऱ्याच कंपन्यांच्या अॅक्सेस पॉइंटमध्ये येतं, नावं वेगवेगळी. वेटर गेला की त्याचा पासवर्ड पुसायचा. पाहुण्यांचं जाळं दुसऱ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवर वेगळं काढलेलं जाळं), क्लायंट आयसोलेशन चालू, म्हणजे पाहुण्यांची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. सर्टिफिकेट नको, वेगळा सर्व्हर सांभाळायला नको.

तारजोडे:
हॉटेलला ठीक. पण डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर गेलात की हे प्रकरण पुष्कळ ठिकाणी अडतं, आणि डब्ल्यूपीए२ वर राहिलात तर हँडशेक (जोडतानाची देवाणघेवाण) पकडून घरी निवांत अंदाज लावत बसणारे आहेतच. स्टाफला दिलेले पासवर्ड सहा-आठ अक्षरी असतील, पैज लावतो.

मुक्काम_मडगाव:
पैज हराल. सोळा अक्षरी, आणि क्यूआर छापून देतो. टाइप कुणालाच करावा लागत नाही.

चाकणचा_स्टोअरकीपर:
इथे सगळे फोन आणि लॅपटॉपच धरून बोलताहेत. गोदामातले आमचे बारकोड स्कॅनर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि डब्ल्यूपीए२ च्या साध्या पासवर्डापलीकडे त्यांना काही कळत नाही. रेडियस लावा नाहीतर आणखी काही, ते फेकून नवे घ्यायला मालक तयार नाही.

तारजोडे:
त्यांना वेगळा एसएसआयडी, वेगळा व्हीलॅन. इंटरनेट बंद, स्टोअरच्या सर्व्हरचा एक पत्ता आणि एक पोर्ट तेवढा उघडा. तो पासवर्ड स्टोअरमध्ये कुणाला सांगूच नका.

हिशेबनीस:
म्हणजे सामाईक पासवर्ड नीट कोंडून ठेवला की तुम्हालाही चालतो. मग आमच्या प्रिंटर, डीव्हीआर आणि टीव्हीला पण तसंच कोंडा, पाहुण्यांचं वेगळं करा, आणि रेडियसचं कोटेशन खाली आणा. बघू.