बीट अंमलदाराची वारंवार बदली आणि शहरातील गुन्हेप्रतिबंध

मूळ मत

शहरात सामुदायिक पोलिसिंगचा, म्हणजे रहिवासी आणि पोलीस यांनी मिळून गुन्हे रोखण्याचा, कार्यक्रम आला की समिती नेमली जाते, महिन्याला बैठक भरते आणि वर्षभरात गुन्ह्यांचा आकडा उतरला नाही म्हणून सारे गुंडाळले जाते. वस्ती ज्या अंमलदाराला ओळखू लागते, त्याचीच तोवर बदली झालेली असते. म्हणून बीटचा, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतील एका ठरावीक भागाचा, अंमलदार किमान तीन वर्षे बदलू नये, हा अशा कार्यक्रमाचा पहिला नियम असावा, असे माझे ठाम मत आहे.

गस्तीची गाडी फिरत राहिली की गुन्हे थांबतात, या समजुतीला अमेरिकेतील कॅन्सास सिटीमधील १९७२-७३ च्या प्रयोगानेच धक्का दिला होता. तेथे १५ बीटांचे तीन गट करून एका गटात नेहमीची गस्त बंद ठेवली, दुसऱ्यात दोन-तीन पट वाढवली आणि तिसऱ्यात पूर्ववत चालू ठेवली. तरीही गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेतीलच नेवार्क येथे १९७८-७९ मध्ये पायी गस्तीची परीक्षा झाली, तेव्हाही गुन्हे विशेष घटले नाहीत, परंतु रहिवाशांची भीती कमी झाली आणि पोलिसांविषयीचे मत सुधारले. मला हा बदल मोलाचा वाटतो, कारण घरात मार खाणारी स्त्री किंवा खंडणीला कंटाळलेला दुकानदार अनोळखी गणवेशापुढे तोंड उघडत नाही, आणि माहितीच मिळाली नाही तर पोलीस प्रतिबंध कशाच्या बळावर करणार?

प्रतिसाद १ : असहमत

सुरक्षित वाटणे आणि सुरक्षित असणे यांत अंतर आहे. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांतील प्रयोगांचे एकत्रित निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत सामुदायिक पोलिसिंगमुळे गुन्हे घटले नाहीत आणि पोलिसांवरचा विश्वासही वाढला नाही. शिवाय समितीत बसतो कोण? ज्याच्याकडे वेळ आणि वजन आहे तो. त्याच्या दृष्टीने कोपऱ्यावर उभी राहणारी गरीब मुले हीच वस्तीची समस्या असते, आणि ‘लोकांची माहिती’ म्हणून त्यांचीच नावे ठाण्यात पोहोचतात. त्यातच अंमलदार तीन वर्षे एका जागी राहिला, तर त्याचे हितसंबंध तयार होतात. बदल्यांची पद्धत याच अनुभवातून आली आहे.

प्रतिसाद २ : वेगळ्या कारणाने असहमत

विश्वासाची वाट पाहण्यापेक्षा गुन्हे जेथे एकवटतात तेथे माणसे उभी करावीत. अमेरिकेतील फिलाडेल्फियात २००९ च्या उन्हाळ्यात हिंसक गुन्ह्यांच्या निवडक ६० भागांत पायी गस्त ठेवली, आणि तुलनेसाठी घेतलेल्या भागांपेक्षा तेथे असे गुन्हे सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले.

मूळ लेखकाचे उत्तर

फिलाडेल्फियात गस्त उठल्यावर तो परिणामही ओसरला, हे त्याच प्रयोगाच्या पुढील अभ्यासात दिसले. सहा देशांच्या निष्कर्षांबाबत सांगायचे, तर अपयशाची कारणे देताना त्या संशोधकांनीच वरिष्ठांचा अपुरा पाठिंबा, साधनांची कमतरता आणि अधिकाऱ्यांच्या सततच्या बदल्या यांचा उल्लेख केला आहे. म्हणजे माझी मुख्य अट तेथे पुरेशी पाळलीच गेली नव्हती.

समितीविषयीचा आक्षेप मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. सदस्य ठाण्याने निवडू नयेत. भाडेकरू, फेरीवाले आणि तरुण यांना तेथे हक्काची जागा असावी, आणि कोणा व्यक्तीचे नाव घेऊन संशय व्यक्त करण्यास बैठकीत मनाई असावी. हितसंबंधांच्या भीतीपोटी सर्वांचीच बदली करत राहिल्याने प्रामाणिक अंमलदाराने जोडलेली माणसेही तुटतात.

प्रतिसाद १

मग अंमलदाराविरुद्धची तक्रार त्याच्याच ठाण्यात न जाता बाहेरच्या यंत्रणेकडे जाईल, अशी सोय आधी करा. ती चालते असे दिसल्यावर तीन वर्षांच्या मुदतीला माझा विरोध राहणार नाही, तोपर्यंत राहील.