मदत हवी आहे: संत्र्याचं गरम गोड कडू होतंय

नमस्कार मंडळी,
सासूबाईंच्या दातांना थंड अजिबात सोसत नाही आणि संत्री म्हणजे त्यांचा जीव की प्राण. म्हणून संत्र्याचं काहीतरी गरमागरम गोड करून द्यावं म्हटलं. ओव्हन नाही, अंडं चालत नाही. एका पातेल्यात होईल असं हवंय.

पहिल्यांदा सालासकट चकत्या साखरेच्या पाण्यात 25 मिनिटं उकळल्या. वास काय सुटला होता! चव मात्र काढ्याची. कच्ची खाल्ली तेव्हा हीच संत्री छान गोड होती, मग कडूपणा आला कुठून?

दुसऱ्यांदा साल काढली, कोरडी साखर वितळवून तांबूस केली आणि फ्रिजमधला रस वर ओतला. चर्रर्र! मनगटावर दोन चटके आणि पातेल्याच्या तळाशी काचेसारखा दगड. घाबरून सगळं फेकून दिलं.

तिसऱ्यांदा रसाला कॉर्नफ्लोअर लावलं. मस्त दाटलं होतं, पण हावरटपणा नडला. आणखी दाट व्हावं म्हणून उकळत ठेवलं, तर उलट पातळ झालं. आता दूध घालून बघू का?

प्रतिसाद:
दूध नको, फाटेल. फार तर वाढताना वरून थोडी साय घाला.

सालीखालचा पांढरा थर, पाकळ्यांचे पडदे आणि बिया, कडूपणाचं मूळ तिथे. त्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य ज्यापासून बनतं तो पदार्थ असतो, तो स्वतः कडू नसतो. फळ चिरलं, रसातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली आणि आच लागली की त्याचं कडू लिमोनिन होतं. म्हणजे तुम्ही 25 मिनिटं कडूपणाच शिजवत होतात. संत्रं शिजवायचंच नाही, फक्त गरम करायचं.

तो दगड फेकायला नको होता हो, मंद आचेवर रसात आपोआप विरघळला असता. 4 संत्र्यांना 100 ग्रॅम साखर घ्या. मधासारख्या रंगावर आली की गॅस बंद. एक वाटी रस आधीच गरम करून ठेवा आणि हात लांब धरून थोडा थोडा ओता. मग मंद आच लावा, गुठळ्या विरघळून पाक जरा आटला की गॅस पुन्हा बंद, चकत्या घाला, झाकण ठेवा, 5 मिनिटं. किसलेली साल (फक्त केशरी भाग) अगदी शेवटी, नाहीतर तिचा वास वाफेबरोबर उडून जातो. चिमूटभर मीठ विसरू नका.

कॉर्नफ्लोअरची गरजच नाही. आंबट रसात ते फार वेळ उकळलं की त्यातला स्टार्च तुटतो, म्हणून पातळ झालं.

दुसरा प्रतिसाद:
बदल म्हणून ग्रेपफ्रूट घेणार असाल तर आधी सासूबाईंच्या गोळ्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं.

धागाकर्ती:
जमलं! वाटी परत पुढे आली. पण पाकळ्यांचे पडदे सोलता सोलता पाऊण तास गेला, काही युक्ती?

प्रतिसाद:
पडदे कोणी काढायला सांगितले? वरचं-खालचं टोक कापा, संत्रं उभं ठेवून सुरीने साल पांढऱ्या थरासकट उतरवा, मग आडव्या चकत्या करून बिया टिपा. 5 मिनिटांत पडदे काही कडू होत नाहीत.